‘प्रॉड_फायनल_नवीन’ नावाच्या फोल्डरचं काय करू? – ऑटोमेशनच्या फाइलींबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य टाकलं होतं की ऑटोमेशनचा प्रोजेक्ट कोडमुळे कमी आणि फोल्डरमुळे जास्त बिघडतो, आणि त्यावर एवढे प्रश्न आले की वाटलं अख्खं सदर यालाच देऊन टाकावं. बहुतेक प्रश्न ॲन्सिबलचे (बऱ्याच सर्व्हरची मांडणी फाइलींत लिहून आपोआप करून घेणारं साधन) आहेत, एकदोन इकडचे तिकडचे. फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच नेहमीचं स्पेलिंग वापरा, नाहीतर उद्या कुणीतरी खरंच ‘ग्रुप_व्हार्स’ मराठीत टाइप करून मला फोन करायचं.

प्रश्न: सर, आमच्याकडे डेव्ह (डेव्हलपमेंटचा), स्टेजिंग (चाचणीचा) आणि प्रॉड (प्रत्यक्ष वापरातला) असे तीन फोल्डर आहेत आणि तिन्हीत सगळी प्लेबुकं (सर्व्हरवर करायच्या टास्कच्या फाइली) कॉपी केलेली आहेत. सुरुवातीला बरं चाललं पण आता स्टेजिंगला केलेली दुरुस्ती प्रॉडला पोचतच नाही. परवा तर चौथा फोल्डर सापडला, प्रॉड_फायनल_नवीन, तो कोण वापरतं कुणालाच माहीत नाही. कुठून सुरुवात करू?

अहो, हा चौथा फोल्डर प्रत्येक टीममध्ये असतो, फक्त नाव बदलतं. आधी एक करा, काहीही हलवायच्या आधी दोन-दोन फोल्डर घेऊन त्यांचा रिकर्सिव्ह डिफ (आतल्या सगळ्या फाइलींमधल्या फरकांची यादी) काढा आणि आउटपुट शांतपणे वाचा. तुम्हाला दिसेल की फरक दोनच जातीचे आहेत. एक म्हणजे खरे फरक, सर्व्हरचे पत्ते, पोर्ट, मेमरी किती द्यायची, कुठलं व्हर्जन, हे वेगळे असायलाच हवेत. आणि दुसरे म्हणजे विसरलेले फरक, कुणीतरी रात्री अडीचला एका ठिकाणी टास्क दुरुस्त केला आणि बाकी दोन ठिकाणी करायचा राहिला. पहिल्या जातीचे फरक व्हेरिएबलमध्ये जातात, दुसऱ्या जातीचे बसून एकेक निकालात काढावे लागतात, त्याला शॉर्टकट नाही आणि साधारण अर्धा वेळ त्यातच जाईल हे मॅनेजरला आधीच सांगून ठेवा.

मग रचना अशी ठेवा. प्रोजेक्टच्या मुळाशी ‘रोल्स’ फोल्डर एकच, त्यात ‘काय करायचं’ ते. शेजारी ‘इन्व्हेंटरीज’ (सर्व्हरच्या याद्या), त्यात स्टेजिंग आणि प्रॉडक्शन असे दोन (डेव्ह असेल तर तीन) फोल्डर, प्रत्येकात आपापली होस्टची फाइल आणि आपापला ‘ग्रुप_व्हार्स’ (सर्व्हरच्या गटाच्या व्हॅल्यू) आणि ‘होस्ट_व्हार्स’ (एकेका सर्व्हरच्या), म्हणजे ‘कुठे आणि कुठल्या व्हॅल्यूने’ ते सगळं इथे. मुळाशी ‘साइट.वायएमएल’, जी बाकीच्या प्लेबुकांना इंपोर्ट करते. बास. एन्व्हायर्नमेंटचं नाव इन्व्हेंटरीच्या बाहेर कुठेही दिसता कामा नये, रोलच्या आत ‘जर प्रॉड असेल तर’ अशी अट दिसली की समजायचं तीन फोल्डर मागच्या दाराने परत आले.

ॲन्सिबल चालवताना ‘-आय’ देऊन इन्व्हेंटरी निवडता येते, पण माणूस विसरतो, म्हणून ‘ॲन्सिबल.सीएफजी’मध्ये डिफॉल्ट इन्व्हेंटरी स्टेजिंगची टाका, म्हणजे विसरलात तर स्टेजिंग पडेल, प्रॉड नाही. मी तर म्हणतो हा एक बदल आजच करा, बाकीचं आवरायला महिना लागला तरी चालेल.

आता तिन्हीकडे सारख्याच असणाऱ्या व्हॅल्यू कुठे ठेवायच्या हा पुढचा प्रश्न तुम्हाला पडणारच आहे. लोक त्या प्लेबुकशेजारच्या ‘ग्रुप_व्हार्स/ऑल’मध्ये टाकतात आणि मग फसतात, कारण एकाच पातळीवर प्लेबुकशेजारचं ग्रुप_व्हार्स हे इन्व्हेंटरीशेजारच्या ग्रुप_व्हार्सवर मात करतं, म्हणजे तुमचं ‘कॉमन’ तुमच्या ‘प्रॉड’ला खाऊन टाकतं, अगदी उलटं. सरळ मार्ग म्हणजे कॉमन व्हॅल्यू रोलच्या ‘डिफॉल्ट्स’मध्ये ठेवायच्या. ते जमत नसेल तर कॉमन फाइल एका ठिकाणी ठेवून प्रत्येक एन्व्हायर्नमेंटच्या ‘ऑल’ फोल्डरमध्ये तिची सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) द्यायची आणि लिंकचं नाव ‘०००’ने सुरू करायचं म्हणजे ती सगळ्यात आधी वाचली जाते आणि नंतरच्या फाइली तिच्यावर मात करू शकतात. टीममध्ये कुणी विंडोजवर गिट वापरत असेल तर सिमलिंकने डोकं उठतं हे मात्र लक्षात असू द्या.

आणि तो प्रॉड_फायनल_नवीन. लगेच उडवू नका. सगळ्या सर्व्हरचे क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी) आणि सीआयचे (कोड बदलला की आपोआप चालणारे) जॉब यांच्यात तो पाथ शोधा, कुणी बोलावत नसेल आणि सगळं गिटमध्ये असेल तर खुशाल उडवा, इतिहासात तो राहणारच आहे. गिटमध्ये नसेल तर आधी गिटमध्ये टाका आणि मग उडवा, ऐकायला येडपट वाटतं पण ‘त्यात काहीतरी होतं’ म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी हमखास उगवतो.

प्रश्न: दादा, मी नवीनच जॉइन झालोय. मुळाशी पंधरा प्लेबुकं पडलेली म्हणून मी ती नीट ‘प्लेबुक्स’ फोल्डरमध्ये हलवली, तर रोल सापडत नाही म्हणून एरर. गुगल करून तो सोडवला. पण आता सर्व्हिस चुकीच्या पोर्टवर सुरू होतेय आणि एरर काहीच नाही. मी नक्की काय मोडलं?

तू काही मोडलं नाहीस रे, तू फक्त एक अशी गोष्ट हलवलीस जिच्या जागेवर बाकीच्या दोन गोष्टी अवलंबून होत्या. ॲन्सिबल रोल शोधताना आधी प्लेबुकच्या शेजारी ‘रोल्स’ फोल्डर आहे का बघतं. प्लेबुक एक पायरी आत गेलं, शेजार बदलला, म्हणून रोल हरवला. ते तू बहुतेक ‘रोल्स_पाथ’ सेट करून सोडवलं असशील, बरोबर आहे.

पण ग्रुप_व्हार्सचंही तसंच आहे. ते दोनच ठिकाणी शोधलं जातं, इन्व्हेंटरीच्या शेजारी किंवा प्लेबुकच्या शेजारी. तुमचं मुळाशी पडलेलं असणार, आधी प्लेबुकशेजारी होतं म्हणून वाचलं जायचं, आता ते कुणाच्याच शेजारी नाही. आणि रोल नसेल तर ॲन्सिबल ओरडतं पण ग्रुप_व्हार्स नसेल तर अजिबात ओरडत नाही, कारण ते असायलाच पाहिजे असा नियमच नाही, मग तो गपचूप रोलचा डिफॉल्ट पोर्ट उचलतो आणि हिरवा रंग दाखवून मोकळा होतो. हे मूक बिघाड एररपेक्षा वाईट.

उपाय म्हणजे ग्रुप_व्हार्स उचलून इन्व्हेंटरीच्या शेजारी नेऊन ठेव आणि परत प्लेबुकशेजारी ठेवू नकोस. यात अजून एक फायदा आहे, ‘ॲन्सिबल-इन्व्हेंटरी’ कमांडला ‘--होस्ट’ आणि सर्व्हरचं नाव दिलं की त्या सर्व्हरला इन्व्हेंटरीच्या बाजूने कुठल्या व्हॅल्यू मिळतायत ते सगळं एकत्र करून दिसतं, आणि ‘--ग्राफ’ दिलं की ग्रुपांचं झाड दिसतं. काही हलवायच्या आधी एकदा आणि हलवल्यावर एकदा ती चालवायची आणि दोन्ही आउटपुटचा डिफ घ्यायचा. डिफ रिकामा आला तर तू खरोखर फक्त फाइली हलवल्यास, नाहीतर तू सिस्टीम बदललीस.

आणि एक, कमांड नेहमी प्रोजेक्टच्या मुळातून चालव. ‘प्लेबुक्स’मध्ये सीडी करून चालवलंस तर मुळातली ॲन्सिबल.सीएफजी वाचलीच जाणार नाही. ती आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, मग जिथे उभा आहेस त्या फोल्डरमध्ये, मग होम फोल्डरमध्ये आणि शेवटी ‘/ईटीसी/ॲन्सिबल’मध्ये शोधली जाते, पहिली सापडली की बाकीच्या बघतही नाही, एकत्र करत नाही. ‘माझ्या लॅपटॉपवर चालतं’ या तक्रारींमागे बऱ्याचदा होम फोल्डरमध्ये विसरलेली एक जुनी सीएफजी असते. शिवाय फोल्डर सगळ्यांना रायटेबल असेल (शेअर्ड किंवा माउंट केलेल्या फोल्डरमध्ये हे होतं) तर तिथली सीएफजी सुरक्षेसाठी मुद्दाम सोडून दिली जाते, वॉर्निंग येते पण वॉर्निंग कोण वाचतं.

प्रश्न: व्हेरिएबल बदलतोय, सेव्ह करतोय, रन करतोय, तरी जुनीच व्हॅल्यू जातेय. दोन दिवस झाले. वेड लागायची पाळी आली आहे.

तुमच्या दुःखात मी पूर्ण सामील आहे कारण माझा पण असाच एक अख्खा शनिवार गेलेला आहे. तेव्हा मी काम करायचो तिथे ‘ग्रुप_व्हार्स/ऑल’ ही एक फाइल नसून फोल्डर होता, जे चांगलंच आहे, त्यात ‘व्हार्स.वायएमएल’ होती. कुणीतरी बदल करायच्या आधी बॅकअप म्हणून तिथेच ‘व्हार्स_ओल्ड.वायएमएल’ करून ठेवली. आता गंमत अशी की त्या फोल्डरमधल्या वायएमएल एक्स्टेन्शनच्या सगळ्या फाइली वाचल्या जातात, नावाच्या क्रमाने, आणि नंतरची आधीच्यावर मात करते. आणि क्रमात टिंब हे अंडरस्कोरच्या आधी येतं. म्हणजे आधी व्हार्स, मग व्हार्स_ओल्ड, आणि जुनीच व्हॅल्यू जिंकली. मी नव्या फाइलमध्ये व्हॅल्यू बदलत बसलो होतो, शेवटी तर चिडून पोर्टच्या जागी स्वतःचं नाव टाकलं तरी सर्व्हिस मजेत चालू. ती फाइल करणारा कोण होता तर, गिट ब्लेमने सांगितलं, मीच.

तेव्हा पहिल्यांदा तिथे कुणाची ‘ओल्ड’, ‘कॉपी’, ‘बॅकअप’ अशी फाइल पडलीय का बघा. बॅकअप गिटचं काम आहे, फोल्डरचं नाही.

तसं काही नसेल तर मग प्रीसिडन्स, म्हणजे कुठली व्हॅल्यू कुणावर मात करते तो क्रम. ॲन्सिबलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये व्हेरिएबलच्या प्रीसिडन्सची २२ पायऱ्यांची यादी आहे, ती पाठ करायला जाऊ नका, कामाच्या चार-पाचच आहेत. रोलचे डिफॉल्ट्स जवळजवळ तळाला, त्यावर ‘ऑल’ ग्रुप, त्यावर बाकीचे ग्रुप, त्यावर होस्ट_व्हार्स, त्याच्याही वर रोलमधलं ‘व्हार्स’ फोल्डर, आणि सगळ्यांच्या डोक्यावर कमांडमध्ये ‘-ई’ने दिलेलं. यातलं रोलचं ‘व्हार्स’ लोकांना फसवतं. नावावरून वाटतं व्हेरिएबल आहेत तर व्हार्समध्ये टाकू, पण तिथे टाकलं की इन्व्हेंटरीतून ते बदलताच येत नाही, कितीही होस्ट_व्हार्स लिहा. माझा नियम असा की वापरणाऱ्याला बदलावंसं वाटेल ते सगळं डिफॉल्ट्समध्ये, आणि व्हार्समध्ये फक्त अशा गोष्टी ज्या बदलल्या तर रोलच मोडेल, जसं की एखाद्या ऑपरेटिंग सिस्टीमवर पॅकेजचं नाव काय आहे ते.

अजून दोन शक्यता पटकन. एकच सर्व्हर एकाच पातळीवरच्या दोन ग्रुपांमध्ये असेल तर नावाच्या अक्षरक्रमाने शेवटचा ग्रुप जिंकतो, म्हणजे ग्रुपचं नाव बदललं की व्हॅल्यू बदलू शकते (हो, खरंच). आणि व्हेरिएबल डिक्शनरी (की आणि व्हॅल्यूंच्या जोड्या) असेल तर वरच्या पातळीवरची डिक्शनरी खालचीला अख्खी बदलते, त्यात मिसळत नाही, तुम्ही एक की बदलायला गेलात तर बाकीच्या नऊ गायब.

प्रश्न: पासवर्ड कुठे ठेवायचे? आत्ता ते ग्रुप_व्हार्समध्येच साध्या अक्षरात आहेत, रेपो प्रायव्हेट आहे म्हणून चालून जातंय.

चालून जातंय म्हणजे अजून कुणी बघितलं नाहीये एवढंच. आधी ते पासवर्ड बदला, मग फाइल लपवा, याच क्रमाने, कारण फाइल रेपोतून काढली तरी गिटच्या इतिहासात ती तशीच बसलेली असते आणि ज्याने ज्याने क्लोन केलं त्याच्याकडे ती आहे.

मग प्रत्येक ग्रुपसाठी एका फाइलऐवजी फोल्डर करा आणि आत दोन फाइली ठेवा, व्हार्स.वायएमएल आणि व्हॉल्ट.वायएमएल. दुसरी ‘ॲन्सिबल-व्हॉल्ट’ने एन्क्रिप्ट करायची. आणि युक्ती अशी की व्हॉल्टमधल्या सगळ्या नावांच्या सुरुवातीला ‘व्हॉल्ट_’ लावायचं आणि साध्या फाइलमध्ये लिहायचं की डीबी_पासवर्ड म्हणजे व्हॉल्ट_डीबी_पासवर्ड. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला तर एन्क्रिप्ट झालेल्या फाइलमध्ये ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) चालत नाही, सहा महिन्यांनी कुणीतरी ‘हे व्हेरिएबल येतं कुठून’ म्हणून शोधायला लागला तर त्याला साध्या फाइलमध्ये निदान नाव तरी सापडतं. अख्खी फाइल न करता एकेक व्हॅल्यू पण एन्क्रिप्ट करता येते, दिसायला छान वाटतं, पण मग व्हॉल्टचा पासवर्ड बदलायची वेळ आली की ‘रीकी’ कमांड फक्त अख्ख्या फाइलींवर चालते, त्या सुट्या व्हॅल्यू हाताने परत कराव्या लागतात. मला अख्खी फाइलच बरी वाटते.

व्हॉल्टच्या पासवर्डची फाइल रेपोच्या बाहेर ठेवा. आत ठेवून गिटइग्नोरमध्ये टाकली तरी चालतं असं म्हणणारे भेटतील, चालतं, कुणीतरी जबरदस्तीने ॲड करेपर्यंत. आणि पासवर्ड वापरणाऱ्या टास्कला ‘नो_लॉग’ लावायला विसरू नका, फाइल एन्क्रिप्टेड आणि लॉगमध्ये पासवर्ड छापलेला, असं मी बघितलंय.

प्रश्न: सगळ्याचे रोल करायचेच का? आमचं एक तीनशे ओळींचं प्लेबुक आहे, वाचता येतं, चालतं. पण सीनिअर म्हणतात रोल नसेल तर ते प्रोफेशनल नाही.

तीनशे ओळी आणि वाचता येतं? मग राहू द्या की. रोल केव्हा करायचा, जेव्हा तेच काम दुसऱ्या प्लेबुकमध्ये लागतं, किंवा टेम्प्लेट, फाइली, हँडलर (काही बदललं तरच चालणारा टास्क) असा लवाजमा जमतो. रोलची खरी सोय तीच आहे, टेम्प्लेट ‘टेम्प्लेट्स’मध्ये आणि साध्या फाइली ‘फाइल्स’मध्ये ठेवल्या की टास्कमध्ये पाथ लिहावा लागत नाही, फक्त नाव दिलं की सापडतं. तो लवाजमा नसेल तर रोल म्हणजे एका पानाच्या पत्राला सात पाकिटं.

करायचाच झाला तर ‘ॲन्सिबल-गॅलक्सी’ला रोल इनिट सांगितलं की सांगाडा तयार मिळतो, पण त्यातले जे फोल्डर वापरणार नाही ते लगेच काढून टाका. रिकाम्या मेन.वायएमएल उघडून बघण्यात पुढच्या माणसाचा जीव जातो. रोलच्या प्रत्येक व्हेरिएबलच्या नावाच्या सुरुवातीला रोलचं नाव लावा, नुसतं ‘पोर्ट’ असं नाव दोन रोलमध्ये असेल तर ते एकमेकांच्या पायात येतात कारण ॲन्सिबलमध्ये रोलला स्वतंत्र नेमस्पेस नाही. हँडलरचंही तेच, दोन रोलमध्ये ‘रीस्टार्ट सर्व्हिस’ नावाचा हँडलर असेल तर शेवटी लोड झालेला तेवढा चालतो. आणि रोलच्या नावात हायफन नको, अंडरस्कोर वापरा, पुढे कधी तो कलेक्शनमध्ये (रोल वगैरे एकत्र वाटायचं पॅकेज) न्यायचा झाला तर हायफन चालत नाही.

प्रश्न: टेराफॉर्मच्या (सर्व्हर वगैरे तयार करणारं साधन) फाइली पण याच रेपोत ठेवल्या तर?

ठेवा, टीम एकच असेल तर काहीच अडचण नाही, फक्त वेगळ्या फोल्डरमध्ये. टेराफॉर्म ज्या फोल्डरमध्ये चालवाल तिथल्या सगळ्या टीएफ फाइली एकत्र वाचतं पण आतल्या फोल्डरांत शिरत नाही, त्यामुळे इथे फोल्डर म्हणजे नुसता कप्पा नाही, ती हद्द आहे. स्टेजिंग आणि प्रॉडला वेगळे फोल्डर आणि वेगळी स्टेट (काय काय तयार केलंय याची टेराफॉर्मची नोंद), कॉमन भाग मॉड्यूलमध्ये. स्टेट फाइल गिटमध्ये कधीही नाही, तिच्यात पासवर्ड साध्या अक्षरात असू शकतात, ती रिमोट बॅकएंडला. लॉक फाइल (प्रोव्हायडरची व्हर्जन टिपून ठेवणारी) मात्र कमिट करायची, आणि ‘.टेराफॉर्म’ फोल्डर नाही. लोक नेमकं उलटं करतात.

प्रश्न: आमच्याकडे ॲन्सिबल वगैरे काही नाही, साध्या शेल स्क्रिप्ट आहेत. हाताने चालवली तर चालते, क्रॉनमधून चालवली तर ‘फाइल सापडत नाही’. शिवाय सगळ्या स्क्रिप्ट, त्यांचे लॉग, कॉन्फिग एकाच होम फोल्डरमध्ये आहेत.

दोन वेगळे प्रश्न वाटतात पण एकच आहे. तुम्ही हाताने चालवता तेव्हा आधी सीडी करून त्या फोल्डरमध्ये जाता, मग स्क्रिप्टमधलं ‘कॉन्फिग.कॉन्फ’ बरोबर सापडतं. क्रॉन ते काम युजरच्या होम फोल्डरमध्ये उभं राहून करतं आणि त्याचा पाथही (कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) अगदी छोटा असतो, साधारण ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढाच, म्हणून तुम्ही दुसरीकडे टाकलेल्या कमांड पण त्याला दिसत नाहीत. सगळं होम फोल्डरमध्येच ओतलेलं असूनही सापडत नसेल तर बहुतेक स्क्रिप्ट एका युजरच्या होममध्ये आहे आणि क्रॉन रूटचं आहे, तेवढं तपासा.

एक प्रोजेक्ट फोल्डर करा, त्यात ‘बिन’मध्ये चालवायच्या स्क्रिप्ट, ‘लिब’मध्ये त्यांनी वापरायची फंक्शन्स, ‘कॉन्फ’मध्ये नमुना कॉन्फिग. खरी कॉन्फिग ‘/ईटीसी’ खाली, लॉग ‘/व्हार/लॉग’ खाली, म्हणजे लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं साधन) लावता येतं आणि प्रोजेक्टचा फोल्डर पुसून परत क्लोन केला तरी काही जात नाही. मी ही परीक्षा खरंच घेतो, फोल्डर दुसरीकडे हलवायचा, नवा क्लोन घ्यायचा आणि स्क्रिप्ट चालवायची, जे जे मोडतं ते ते चुकीच्या जागी होतं. आणि प्रत्येक स्क्रिप्टने सुरुवातीलाच स्वतःची जागा शोधून काढावी, म्हणजे ती जिथे ठेवलीय तो फोल्डर, आणि बाकीचे सगळे पाथ त्यापासून मोजावेत, मग कुणीही कुठूनही बोलावलं तरी फरक पडत नाही.

लॉगच्या नावात तारीख घालताना वर्ष-महिना-दिवस या क्रमाने घाला, २०२४-०३-०९ असं, नुसत्या एलएसने आपोआप क्रमाने लागतात. पण ती तारखेची कमांड थेट क्रॉनटॅबच्या ओळीत लिहीत असाल तर टक्क्याच्या चिन्हाच्या आधी बॅकस्लॅश द्या, क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे नवी ओळ धरली जाते आणि तुमची कमांड तिथेच अर्धवट तुटते. त्यापेक्षा तारीख स्क्रिप्टच्या आतच काढा आणि क्रॉनटॅबमध्ये स्क्रिप्टचा पूर्ण पाथ तेवढा ठेवा.